चिखलाचा अध्यक्ष

४ जानेवारी

नवीन वर्षाचा संकल्प तीन दिवस उशिरा का होईना, केला. चिडायचं नाही. पहिले तीन दिवस चिडण्यातच गेले, पण त्याला कारणं होती. (नळ, शेजाऱ्यांची मोटार आणि हिचा भाऊ.)

सकाळी मैदानावर फिरताना आमच्या ग्रुपमधल्या दातांच्या डॉक्टरांनी विषय काढला. त्यांच्या नातीने विचारलं म्हणे, की आजोबा, तुम्ही जन्मभर इतकं पेट्रोल जाळलंत, त्या धुराचं पुढे काय झालं? मी जन्मभर टायर विकले. मला तर कोणी काही विचारलंही नव्हतं, तरी मीच बोललो. म्हटलं, दरमहा थोडे थोडे पैसे काढू, निधी उभारू आणि कार्बन जमिनीत धरून ठेवणाऱ्या छोट्या छोट्या कामांना देऊ. सगळ्यांना पटलं. अध्यक्षपदी माझी एकमताने निवड झाली. त्या वेळी दोघे जण बुटांच्या नाड्या बांधत होते, पण विरोध कोणी केला नाही. बँकेतून रिटायर झालेल्या गृहस्थांना खजिनदार केलं.

६ जानेवारी

लेटरहेड छापून आणलं. माझं नाव ठळक. खजिनदार म्हणाले, निधीचा पहिला खर्च लेटरहेडवर? संकल्प आठवला म्हणून चिडलो नाही. फक्त आवाज चढवला.

२ फेब्रुवारी, दुपार

वाचनालयात अर्ज मागवणारी नोटीस लावून महिना होत आला. अर्ज एकच. तोही धाकटीचा.

धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. कॉलेजच्या प्रयोगशाळेत माती शिकवायची. नोकरी मुदतीआधीच सोडली, आणि आता गावाबाहेर कोल्ड स्टोरेजच्या मागे जी दलदल आहे तिथे गुडघाभर उंचीचे बूट घालून उभी असते. लोक मला विचारतात, त्या तुमच्या बहीण ना? मी नातं कबूल करतो, पण हळू आवाजात.

तिचं म्हणणं असं. त्या दलदलीत शेकडो वर्षांचं गवत आणि पाला पाण्याखाली न कुजता पडून काळा चिखल झालाय. त्यात कार्बन ठासून भरलाय. पण जुन्या काळी कोणीतरी जमीन सुकवायला एक चर खणला, त्यातून पाणी वाहून जातं, चिखल सुकतो, आणि सुकला की तो सगळा कार्बन हवेत. तिला चरात ठिकठिकाणी लाकडी फळ्या ठोकून पाणी अडवायचंय. बस्स. नगरपालिकेने ती जागा वर्षभरासाठी तिच्या ताब्यात दिलीय. डिसेंबरमध्ये पाहणी होईल. दलदल ओली आणि जिवंत दिसली तर जागा कायमची दलदल म्हणून राहील. नाहीतर कोल्ड स्टोरेजवाला, ज्याला सगळे बर्फवाला म्हणतात, त्याला ती ट्रक उभे करायला मिळेल. तो टपूनच बसलाय.

वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही निधी उभारायचा, आणि तो चिखलात घालायचा? फोटो कशाचा काढणार?

५ फेब्रुवारी

धाकटीला घरी बोलावून समजावलं. म्हटलं, झाडं लाव. सरळ रांगेत. प्रत्येक झाडाला पिंजरा, पिंजऱ्याला देणगीदाराच्या नावाची पाटी. ती म्हणाली, दादा, तिथे झाडं नकोत. झाडं पाणी ओढतात, चिखल आणखी सुकेल.

कार्बन साठवायचा आणि झाडं नकोत! म्हणजे लग्न ठरलंय, पण नवरा नको.

मी मुद्देसूद बोललो. ती मान हलवत राहिली. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी हिने स्वयंपाकघरातून तोंड घातलं. म्हणाली, अहो, टायर विकताना गिऱ्हाइकाची गाडी कोणती ते विचारत होतात ना तुम्ही? हिचा इथे काही संबंध नव्हता. तसं स्पष्ट सांगितलं. रात्री जेवताना दोघी एकमेकींशीच बोलल्या.

६ फेब्रुवारी

कालच्या प्रकाराला चिडणं म्हणत नाहीत. ते मार्गदर्शन.

१ मार्च

मैदानावर मीटिंग. आमचे सगळे निर्णय चालता चालता होतात, कारण बसलं की लोक घरच्या गोष्टी काढतात. दुसऱ्या फेरीत मी धाकटीचा अर्ज नामंजूर करावा असं सुचवलं. तिसऱ्या फेरीत डॉक्टर म्हणाले, दुसरा अर्ज आहे का? चौथ्या फेरीत खजिनदार म्हणाले, मग पैसे काय बँकेत मुरवायचे? मंजूर झाला.

अध्यक्षाच्या विरोधात निर्णय लागू नये म्हणून पाचव्या फेरीत मीच तो मंजूर केल्याचं जाहीर केलं.

३ मार्च

धाकटीला मंजुरीचं पत्र स्वतः नेऊन दिलं. माझ्या अटी स्पष्ट होत्या. एक, मोठा बोर्ड. दोन, रीतसर उद्घाटन. तीन, उद्घाटनाला मोठा माणूस. तिने सगळं मान्य केलं. म्हणाली, बोर्ड लाव दादा, पण रस्त्याच्या बाजूला. दलदलीत मात्र मला विचारल्याशिवाय काही करायचं नाही, एवढं कबूल कर. कबूल केलं. मला काय हौस आहे चिखलात हात घालायची?

मग ती चहा करायला उठली. खूप खुशीत होती. लहानपणी परीक्षेचा निकाल आणायची तशी दिसत होती. मला बरं वाटलं. तिच्याकडे साखर मात्र संपली होती. पाहुणा येणार हे माहीत असून साखर संपते कशी, हे मला कळत नाही.

१९ मार्च

बोर्ड लागला. धाकटीच्या कामाचं नाव लहान अक्षरांत, निधीचं मध्यम, माझं मोठं. पेंटरनेच असं रंगवलं. मी फक्त मापं दिली होती.

८ एप्रिल

फळ्या ठोकून झाल्या. पाहायला गेलो. पाहण्यासारखं काही नाही. चरात फळ्या, फळ्यांमागे गढूळ पाणी. सुताराचा मुलगासुद्धा यापेक्षा बरं काम करतो. पैसे गेले ते गेले.

बर्फवाला कुंपणापाशी उभा होता. अगदी अदबीने म्हणाला, साहेब, तुमच्यासारख्या माणसाने यात पडावं म्हणजे आश्चर्य आहे. मी म्हटलं, यात काय ते तुम्हाला नाही कळणार. नंतर वाटलं, तो ‘तुमच्यासारख्या’ म्हणाला ते कशा अर्थाने? घरी येईपर्यंत त्याचाच राग येत राहिला.

२५ जून

धाकटीने पुन्हा बोलावलं. जायचं नव्हतं. हिने ढकललं.

पाणी बरंच वर आलंय. मधे मधे हिरवं गवत, बेडूक, कसले कसले पक्षी. वास मात्र जबरदस्त. धाकटीने माझी बाही वर करायला लावली आणि माझा हात धरून पाण्यात, थेट चिखलात घातला. कोपरापर्यंत. आतून तो थंडगार होता आणि लोण्यासारखा मऊ. ती म्हणाली, दादा, तुझ्या बोटांना लागतंय ना, ते आपल्या पणजोबांच्या आधीचं गवत आहे. अजून इथेच आहे. कुठे गेलेलं नाही.

थोडा वेळ मी हात बाहेर काढला नाही. का ते माहीत नाही.

मग पाहिलं तर शर्टावर डाग. पांढरा शर्ट! आधी सांगितलं असतं तर जुना घातला असता. धाकटीला नियोजन म्हणून नाहीच.

२६ जून

डाग जात नाही.

१४ ऑगस्ट

मैदानावर सगळ्यांनी दलदलीचं कौतुक केलं. डॉक्टर नातीला घेऊन तिथे जाऊन आले म्हणे. खजिनदारही जाऊन आले. धाकटीने दोघांना काठीने पाण्याची पातळी मोजून दाखवली. दोघेही ‘ताई असं म्हणाल्या, ताई तसं म्हणाल्या’ करत होते. अध्यक्षांनी काय म्हटलं होतं, हे कोणालाच आठवत नाही. कानामागून आली आणि तिखट झाली.

उद्घाटन आता झालंच पाहिजे.

३ सप्टेंबर

उद्घाटनासाठी नगरपालिकेचे बडे साहेब मिळाले! सहा वेळा खेटे घातले, शेवटी त्यांच्या ड्रायव्हरशी ओळख काढली, त्याला मी पूर्वी टायर दिले होते. तारीख २१ ऑक्टोबर. मी एक पाऊल पुढे जाऊन सुचवलं, की डिसेंबरची पाहणी करायला ज्या अधिकारी बाई येणार आहेत, त्यांनाही साहेबांबरोबरच आणा, पाहणी तेव्हाच उरकेल. एका दगडात दोन पक्षी. साहेब समोर असताना त्या नाही कशा म्हणतील? असं डोकं चालवायला चाळीस वर्षं सेल्समध्ये काढावी लागतात.

धाकटीला सांगितलं. ती जरा घाबरली. म्हणाली, ऑक्टोबरमध्ये मी नाही, दोन आठवडे मातीचे नमुने तपासायचं ट्रेनिंग आहे, २२ला येईन. म्हटलं, तू नसलीस तरी मी आहे ना. तिने तारीख लिहून घेतली. मग म्हणाली, त्यांना फक्त पाणी आणि चिखल दाखव दादा. बाकी काही करू नकोस.

मी काय लहान आहे?

७ ऑक्टोबर

धाकटी ट्रेनिंगला गेली. कुंपणाच्या फाटकाची किल्ली हिच्याकडे ठेवून गेली. सख्खा भाऊ अध्यक्ष, आणि किल्ली वहिनीकडे!

९ ऑक्टोबर

उद्घाटनाच्या दृष्टीने साइटची पाहणी केली. भयंकर स्थिती. वास तर आहेच. शिवाय साहेबांनी उभं कुठे राहायचं? फीत बांधायची कशाला? एक पाय चुकला की साहेब गुडघाभर आत. सगळीकडे काळा घाण चिखल. या अवस्थेत कोणी पाहुण्याला बोलावतं का? आपल्या घरी पाहुणे येतात तेव्हा आपण आवरतो की नाही?

आवरायला हवं.

१० ऑक्टोबर

हिच्याकडे किल्ली मागितली. कशाला, म्हणाली. म्हटलं, थोडी साफसफाई. ही म्हणाली, धाकटीला फोन करून विचारा. म्हटलं, तिच्या ट्रेनिंगमध्ये व्यत्यय कशाला? ही म्हणाली, मग मी देणार नाही. नवऱ्याला असं तोंडावर! एका साध्या किल्लीसाठी मला संपूर्ण संध्याकाळ ओरडावं लागलं. शेवटी हिने ती टेबलावर आपटली आणि दुसऱ्या खोलीत जाऊन झोपली.

१२ ऑक्टोबर

जेसीबी आला. आत जाईना, चाकं रुततात. ड्रायव्हर म्हणाला, आधी पाणी काढा. म्हणून फळ्या उपटल्या. दोन दिवसांत पाणी चरातून वाहून जाईल. फळ्या मी धुऊन, पुसून एका जागी रचून ठेवल्यात. एकही मोडू दिली नाही. धाकटीला वस्तू सांभाळणं म्हणजे काय ते कळेल.

१५ ऑक्टोबर, संध्याकाळ

काळा चिखल पूर्ण काढला! खालची पिवळी घट्ट माती लागेपर्यंत. किती निघाला म्हणून सांगू, डोंगर झाला. जेसीबीवाला म्हणाला, साहेब, असली माती बागेला सोन्यासारखी. माझ्या डोक्यात लगेच दिवा पेटला. ग्रुपमधल्या सगळ्यांच्या घरी एकेक ट्रॉली पाठवली. फुकट. कार्बन घरोघरी पोचला! याला म्हणतात निधीचा फायदा तळागाळापर्यंत. भाषणात घ्यायचं.

आमच्या अंगणातही एक ट्रॉली टाकली. ही खिडकीतून पाहत होती. मग तिने पडदा ओढून घेतला. उत्साह म्हणून नाहीच.

१८ ऑक्टोबर

रिकाम्या खड्ड्याला दगडी काठ करून घेतला. टँकरने स्वच्छ पाणी भरलं. मधे छोटं कारंजं. गोल फिरायला फरशी. चार बाक. निधी जवळजवळ संपला, पण काम दिसतंय. आता कोणी म्हणून दाखवावं की फोटो कशाचा काढायचा.

बर्फवाल्याने कारंज्यासाठी आपणहून वीज जोडून दिली. माणूस वाटतो तितका वाईट नाही.

२१ ऑक्टोबर, उद्घाटनानंतर

अपूर्व सोहळा. बडे साहेब आले, फीत कापली, म्हणाले, वा, काय सुंदर तळं केलंय. बोटी कधी सुरू करताय, असंही विचारलं. मी म्हटलं, पुढच्या टप्प्यात. माझं भाषण थोडं लांबलं, पण साहेब जाईपर्यंत सगळे बसले होते.

अधिकारी बाई मात्र चमत्कारिक. हातात फाइल घेऊन तळ्याभोवती फिरल्या आणि मला विचारलं, दलदल कुठे आहे? मी तळं दाखवलं. त्यांनी पुन्हा विचारलं, दलदल? मी पुन्हा तळं दाखवलं. मग म्हणाल्या, आणि तो काळा चिखल? मी अभिमानाने सांगितलं, की घाण कणभरही शिल्लक ठेवलेली नाही, सगळी काढून गरजूंना वाटली. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. बरंच लिहीत होत्या. छाप पडलेली दिसते.

डॉक्टर आणि खजिनदार चहा न घेताच निघून गेले. मत्सर. दुसरं काय?

२२ ऑक्टोबर

धाकटी आली. स्टेशनवरून थेट साइटवर, बॅगेसकट. मी मुद्दाम कारंजं सुरू करून ठेवलं होतं.

ती फाटकापाशीच थांबली. मग फरशीवरून एक पूर्ण फेरी मारली. बोलेना. आनंदाने शब्द फुटत नसतील असं मला वाटलं. मी फळ्या दाखवल्या, म्हटलं, बघ, एकीलाही धक्का लागू दिला नाही. तिने एका फळीवर हात ठेवला. मग विचारलं, चिखल कुठे आहे? सांगितलं. ती चालत आमच्या घरी आली, अंगणातल्या ढिगापाशी बसली आणि मूठभर माती उचलली. वरवर सुकून भुगा झाला होता. बोटांतून गळून गेला.

मी विचारलं, परत नेऊन टाकू का? हवं तर पुन्हा जेसीबी बोलावतो. ती म्हणाली, नाही रे दादा. ते तसं नसतं. थरावर थर बसायला शेकडो वर्षं लागली होती. हे आता उडून जाणार.

आरडाओरडा नाही, भांडण नाही. भांडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. माझी उत्तरं तयार होती. ही तिला आत घेऊन गेली आणि दार लावलं. आतून रडण्याचा आवाज आला. दोघींपैकी कोणाचा ते कळलं नाही.

इतकं केलं त्याचं हे फळ. आभाराचा एक शब्द नाही.

२३ ऑक्टोबर

दिवसभर डोकं भणभणतंय. मी विचारतो, चूक कोणाची? धाकटीने नीट समजावून सांगायला हवं होतं. ‘काही करू नकोस’ हे काय सांगणं झालं? काही न करण्याची मला सवय नाही हे तिला जन्मापासून माहीत आहे. आणि हिने किल्ली द्यायलाच नको होती.

१२ नोव्हेंबर

नगरपालिकेचं पत्र. पाहणीत सदर जागेवर दलदल आढळून आली नाही, सबब ती राखण्याचा प्रश्न उद्भवत नाही. जागा कोल्ड स्टोरेजच्या ट्रकांसाठी देण्यात येत आहे.

चोर सोडून संन्याशाला फाशी! ताबडतोब लेटरहेडवर कडक पत्र लिहिलं. बड्या साहेबांना साक्षीला ठेवलं, त्यांनी स्वतः तळ्याची स्तुती केली होती. फोनही केला. साहेब म्हणाले, मी तळ्याचीच स्तुती केली होती हो, दलदलीची कुठे केली? आणि फोन ठेवला. ड्रायव्हरला केला. त्याने टायरचा विषय काढला, दोन लवकर फाटले होते म्हणे.

पत्र धाकटीलाही गेलंय. तिला फोन करणार होतो. उद्या करीन.

१३ नोव्हेंबर

आज फार काम होतं.

१७ नोव्हेंबर

बर्फवाल्याने सफरचंदांची पेटी पाठवली. सोबत चिठ्ठी, ‘आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे’. सहकार्य! पेटी उचलून त्याच्या दारात आदळणार होतो. पण पाठीत उसण भरलेली. ही म्हणाली, या घरात ती फळं कोणी खाणार नाही. ठीक आहे. नासून जाऊ नयेत म्हणून मी एकटाच खातोय. प्रत्येक फळ रागाने खातोय. चवीला बरी आहेत.

२४ नोव्हेंबर

मैदानावर एकटाच होतो. ग्रुप आता नदीच्या बाजूला फिरायला जातो, असं चौकीदाराने सांगितलं. मला कोणी कळवलं नाही. कोत्या मनाची माणसं. खजिनदारांचा फक्त मेसेज आला, उरलेला निधी अमुक इतका, काय करायचं ते तुम्ही ठरवा. थोडासाच आहे. लाकडी फळ्या येतील एवढा.

२९ नोव्हेंबर

ट्रक यायला लागले. सहज तिकडून गेलो होतो. तळं बुजवून टाकलंय. दगडी काठ उखडून त्याचाच उतार केलाय. माझा बोर्ड अजून उभा आहे. त्याखाली दोन ड्रायव्हर डबा खात बसले होते. एकाने विचारलं, काका, काही हवंय? मी म्हटलं, मी इथला अध्यक्ष. तो सरकून बसला आणि म्हणाला, बसा ना मग.

बसलो नाही. अपमान करायची ही काय पद्धत झाली?

४ डिसेंबर

हिच्याकडून कळलं. धाकटी गाव सोडतेय. दूर, खाडीच्या बाजूला चार-पाच माणसं मिळून अशीच एक जुनी दलदल वाचवतायत, त्यांनी तिला बोलावलंय. कायमची जातेय. घर भाड्याने दिलंय. मला सगळ्यात शेवटी कळलं. ही आठ दिवस रोज तिच्याकडे जात होती, मला वाटलं भाजीला जाते.

खूप चिडलो. बशी फोडली. ही म्हणाली, ती तुमच्या आवडीची होती. खरंच होती.

६ डिसेंबर

रात्रभर विचार केला. ठरवलं. उरलेला निधी धाकटीच्या नव्या दलदलीला द्यायचा. बोर्ड नाही, उद्घाटन नाही, पाहुणा नाही, मी तिथे पाऊलही टाकणार नाही. एकही अट नाही. असा निर्णय घ्यायला मोठं मन लागतं. ती किती खूश होईल! चहा करायला उठेल. हिला सांगितलं. ही म्हणाली, जा, सांगून या. मी इथेच थांबते.

लेटरहेडवर न लिहिता साध्या कागदावर लिहिलं.

७ डिसेंबर, दुपार

गेलो. टेम्पोत सामान भरून झालं होतं. धाकटी रिकाम्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर बसली होती. म्हणाली, बस दादा, पण बसायला काही नाही. मी उभाच राहिलो. तिने विचारलं, बीपीची गोळी घेतोस ना वेळेवर? पाठ कशी आहे? दलदलीचं अवाक्षर नाही.

मी कागद पुढे केला. तिने वाचला. शेवटपर्यंत, शांतपणे. मग घडी घालून माझ्या खिशात परत ठेवला आणि म्हणाली, नको दादा.

मी म्हटलं, अगं, अट नाही एकही. नीट वाचलंस ना? ती म्हणाली, वाचलं. नको. मी म्हटलं, मी येणारसुद्धा नाही तिकडे. ती म्हणाली, भेटायला ये की. चिखलात नको.

रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. प्रेमानेच बोलली. शर्टाची वरची गुंडी सुटली होती, ती लावून दिली. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. ती पुढे बसली आणि गेली. मी रस्त्यात उभा राहून हात हलवत होतो. टेम्पोला मागची काच नसते हे नंतर लक्षात आलं.

घरी आलो. ही दारातच होती. काय म्हणाली, विचारलं. मी म्हटलं, एकदम खूश झाली. कागद ठेवून घेतला. विचार करून कळवते म्हणाली. हिने बरं म्हटलं आणि चहा टाकला.

कागद खिशातच आहे. ती नको म्हणाली. इथे तरी खरं लिहून ठेवतो.